पान शून्य शून्य

सकाळी संगणक उघडला की मात्राबाईला आधी आकडा दिसायचा. न वाचलेली पत्रं दोनशे चौदा. काल संध्याकाळी घरी निघताना एकशे नव्वद होती.

"रात्रभर लोक झोपतात की तक्रारी लिहितात, मामा?"

पॅकिंगचे मामा पुठ्ठ्याच्या खोक्यावरून चिकटपट्टी कर्रकन ओढत म्हणाले, "तक्रार लिहून टाकली की झोप छान लागते, ताई. उत्तर लिहिणाऱ्याची उडते."

मात्राबाई हे नावही मामांनीच ठेवलेलं. प्रूफं तपासताना तिच्या नजरेतून एक कानामात्रा सुटत नसे म्हणून. नोकरीला लागली ती मुद्रितशोधनाच्या कामावर. मग मांडणी करणारा सोडून गेला, मांडणी तिच्या गळ्यात पडली. मग ग्राहकांना उत्तरं देणारी मुलगी लग्न करून गेली, ती उत्तरंही तिच्याकडे आली. "घरात लहान मूल असलेली बाई नोकरी सोडत नाही," असं साहेब एकदा फोनवर कुणाला तरी सांगत होते. दार उघडं होतं. तिनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

टायरच्या दुकानावर तीन खोल्यांचं हे प्रकाशन. पूर्वी इथून शाळेची गाईडं निघत. तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या डोक्यात खेळ शिरला. पटावर सोंगट्या हलवायचा खेळ नव्हे. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, असा खेळ. एक जण सूत्रधार, बाकीचे पात्रं. खेळाचं नाव 'खालचा उजेड'. एक जुनी खाण खचलेली आहे, आत माणसं अडकली आहेत आणि आपली पात्रं त्यांना सोडवायला खाली उतरतात. एका खोक्यात जाड पुस्तक, पाच फासे, चार नकाशे. लेखकानं जीव ओतून लिहिला होता. पहिली आवृत्ती चार महिन्यांत संपली आणि तिथून तक्रारींचा ओघ सुरू झाला.

खोक्यात फासे पाचाऐवजी चार निघत. नकाशात नऊ बोगदे, पुस्तकात अकरा. दुसरा भाग तीनदा जाहीर झाला होता आणि तीनदा पुढे गेला होता. संकेतस्थळावर 'दुरुस्त्या' नावाचं एक बटण होतं, ते दाबलं की पांढरं पान उघडायचं. खेळणाऱ्यांनी आपसात नियम ठरवून ते कुठेतरी लिहायला घेतले, तर साहेबांनी वकिलाची नोटीस धाडून तेही बंद पाडलं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी त्या बिचाऱ्यांची गत.

आणि सगळ्यांत जास्त पत्रं एकाच ओळीबद्दल यायची. पान ऐंशी, खालून तिसरी ओळ.

या खेळात प्रत्येक पात्राला भीतीचे गुण मिळत जातात. काही भयंकर दिसलं, दिवा विझला, कुणी हाक मारली आणि मागे कुणी नसलं, की एक गुण. दहा झाले की ते पात्र 'खाली राहतं'. मरत नाही, पण हलत नाही, बोलत नाही. त्यापुढे छापलं होतं: 'अशा पात्राला परत कसे आणावे, यासाठी पान ०० पाहा.'

पान ०० जगातल्या कुठल्याच पुस्तकात नसतं.

ही चूक कशी झाली हे मात्राबाईएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. मांडणी चालू असताना कुठलं प्रकरण कुठल्या पानावर पडेल, सांगता येत नाही. म्हणून 'अमुक पान पाहा' असेल तिथं दोन शून्यं टाकून ठेवायची आणि शेवटी खरे आकडे भरायचे, ही या धंद्याची जुनी रीत. अशा एकसष्ट जागा होत्या. तिनं यादी केली होती. पुस्तक छापखान्यात जायच्या दोन दिवस आधी साहेब म्हणाले, "सोळा पानांचा एक फॉर्मा जास्त होतोय, कागद पुरत नाही. शेवटचं प्रकरण उडवा." शेवटचं प्रकरण म्हणजे 'परतीची वाट'. चौदा पानं. ती निघाली. साठ आकडे तिनं भरले. एकसष्टावी ओळ अख्खीच काढायला हवी होती. त्या दुपारी तिच्या लेकीला, चिमणीला, एकशे तीन ताप होता, सासूबाई फोनवर तापमापीचा आकडा वाचून दाखवत होत्या, आणि मात्राबाईनं एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं यादीवर खूण केली. यादी अजून तिच्या खणात होती. एकसष्टाव्या ओळीपुढे बरोबरची खूण, तिच्याच हाताची.

या तक्रारीला ठरलेलं उत्तर होतं, क्रमांक चार. 'आपल्या सूचनेबद्दल आभार. याविषयीची माहिती आम्ही लवकरच उपलब्ध करून देऊ.' दोनशेतली साठ-सत्तर पत्रं ती चार नंबरनं हातावेगळी करायची.

त्या दिवशीही करत होती. एका पत्रावर तिचा हात थांबला.

'महोदय, हे माझे पाचवे पत्र. पहिल्या चारांना आपले एकच उत्तर आले, ते आता मला पाठ झाले आहे. मी चष्म्याची भिंगे घासतो. कुणाचा नंबर चुकला तर मी लवकरच म्हणत नाही, भिंग बदलून देतो. मला फक्त पान ०० वर काय आहे ते हवे आहे. मुलगी वाट बघते आहे. माझा नंबर खाली दिला आहे.'

मुलगी वाट बघते आहे. या चार शब्दांवरून दुसरं कुणी सहज पुढे गेलं असतं. मात्राबाईला ते जमलं नाही. आई झाल्यापासून तिला एक खोड लागली होती: कुठंही मूल हा शब्द दिसला की त्याच्या मागेपुढे काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला राहवत नसे. रस्त्यात मूल रडलं की ते दिसेनासं होईपर्यंत ती मान वळवून बघायची. ग्राहकाला फोन करायचा नाही, असा साहेबांचा नियम होता. ती पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं जिन्यात गेली आणि तिनं नंबर लावला.

माणूस हळू आवाजात बोलणारा होता. मागे घासण्याच्या यंत्राची घरघर होती, ती थांबली.

"तुम्ही खरंच प्रकाशनातून बोलताय?" त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. अपघात झाला, त्यात तिची आई गेली. मुलगी वाचली. तेव्हापासून बोलत नव्हती. आठ महिने. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, गोष्टीचे खेळ खेळा. दुकानात घेऊन गेलो, तिनं बोटानं तुमचं खोकं दाखवलं."

"मग?"

"मग ताई, ती खेळायला लागली. तिचं पात्र आहे ठिणगी नावाचं, दिवा घेऊन सगळ्यांच्या पुढे चालणारं. ठिणगी बोलायची. एरवी घरात एक शब्द नाही. पण टेबलाशी बसलो, फासे काढले की ठिणगी बोलायची. 'इकडे वळा. तिकडे पाणी आहे. घाबरू नका.' मी रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करायला लागलो."

मात्राबाईनं जिन्याचा कठडा धरला. पुढचं तिला कळलं होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी ठिणगीचे दहा गुण भरले."

"तुम्ही सूत्रधार आहात ना? काहीतरी ठरवून द्यायचं. सूत्रधाराला मुभा असते."

"दिलं की. म्हटलं, तीनदा सहा पडले की परत आली. तिनं पुस्तक उघडलं, पान ऐंशी काढलं आणि त्या दोन शून्यांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघत बसली. तिला छापलेलं लागतं. मी काय, बापच. बाप काय वाट्टेल ते बोलतो. म्हणतो सगळं ठीक होईल. तिचा विश्वास आता छापलेल्यावरच आहे. तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी खोकं काढून टेबलावर ठेवते, पान ऐंशी उघडते आणि बसते. बोलत नाही. ठिणगी पण नाही, ती पण नाही."

"मी बघते," मात्राबाई म्हणाली. तिच्या तोंडून 'लवकरच' येता येता राहिलं.

साहेब खुर्चीत मागे रेलून दात कोरत होते. तिनं सगळं सांगितलं, फोन मी केला एवढं सोडून.

"प्रकरण आपल्याकडे तयार आहे, सर. चौदा पानं. संकेतस्थळावर नुसतं टाकलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील."

"आणि पुरवणी काय घेऊन काढू? माझं कपाळ?" साहेब हसले. "अहो मात्राबाई, 'परतीची वाट' ही आपली पुढची पुरवणी आहे. वेगळं पुस्तक, रंगीत कव्हर. लोक तळमळताहेत ना? तळमळू दे. भूक लागल्याशिवाय कुणी ताटावर बसत नाही."

"केव्हा काढताय?"

"काढू की."

"एकाच माणसाला पाठवते. एकच प्रत."

"एकाला दिली की उद्या हजार जणांकडे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला मी काय सांगायचं?" त्यांनी काडी टोपलीत टाकली. "चार नंबरचं उत्तर पाठवा. आणि जरा गोड शब्दांत लिहा ते, फार कोरडं आहे."

ते उत्तर तिला त्यांनीच शब्द न् शब्द सांगून लिहून घेतलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. जुनी फाइल काढली, चौदा पानं नव्यानं बसवली. अक्षर तेच, ओळींमधली जागा तीच, समासातला तो छोटा दिव्याचा ठसाही तोच. मुलगी बारकाईनं बघणारी आहे. जराही वेगळं दिसलं तर बापानं घरी बनवलंय म्हणेल. पानाच्या आकड्यापाशी मात्र घोडं अडलं. पुस्तक दोनशे आठला संपतं. पुढचा आकडा घालावा तर पान ऐंशीशी जुळत नाही. बोटं कीबोर्डवर ठेवून ती मिनिटभर बसली. मग पहिल्या पानाच्या तळाशी तिनं दोन शून्यं टाकली. त्याखालच्या पानांना ००-२, ००-३, असं चौदापर्यंत. पुस्तक जिथं जा म्हणतंय ती जागाच तिनं तयार केली.

मग तपासलं. एकदा सरळ, एकदा शेवटून सुरुवातीकडे, एकदा नुसते आकडे. दोन वेलांट्या सापडल्या, एक जोडाक्षर तुटलेलं होतं, ते नीट केलं.

"मामा, छापखान्यात त्या कागदाचं काही उरलंय का?"

"पुस्तकाच्या? असेल गठ्ठाभर." मामांनी तिच्या हातातल्या पेनड्राइव्हकडे पाहिलं, साहेबांच्या बंद दाराकडे पाहिलं. "किती प्रती?"

"दोन. एक मला बघायला."

"छापखानेवाला मला वेड्यात काढेल. काढू दे, आधीपासून काढतोच." पेनड्राइव्ह खिशात टाकून ते जिना उतरले. संध्याकाळी पाकीट त्यांनी स्वतः बांधलं, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून, आणि कुरिअरच्या वहीत पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. "तुम्हाला लेकरू आहे," एवढंच म्हणाले.

त्या रात्री तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

रविवारी दुपारी चिमणी आजीच्या मांडीवर पेंगत होती. मात्राबाई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. सासूबाईंना हाताशी लागेल ते वाचायची सवय; औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा त्या पुरा वाचायच्या. तिच्या पिशवीतली दुसरी प्रत त्यांच्या हाती लागली होती.

"अगं," त्यांनी आतून हाक मारली, "हा लहान मुलांचा खेळ आहे ना?"

"मोठ्यांचापण आहे. का?"

"नाही म्हटलं, हे काय लिहिलंय? 'खाली राहिलेल्याला वर आणायचे असेल तर दुसऱ्या एकाने त्याच्या जागी खाली राहिले पाहिजे. एक वर, एक खाली. खाण कधीही फुकट सोडत नाही.'" सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "काय मेलं अभद्र! असलं कुणी पोरांना देतं?"

मात्राबाई फडकं हातात घेऊनच बाहेर आली. "कुठंय?"

"हे काय, चौथ्या पानावर. ठळक अक्षरात आहे. तूच तपासतेस ना गं हे?"

तपासलं होतं. तीनदा. 'राहिलेल्याला'मधली वेलांटी तिनंच नीट केली होती. ठळक ओळ शेजारच्या ओळीपेक्षा केसभर खाली बसली होती, ती तिनंच वर उचलली होती. वाचली मात्र नव्हती. हे कुणाला सांगून पटणार नाही, पण प्रूफं तपासणारा माणूस वाचत नसतोच. वाचायला लागला की चुका सुटतात, म्हणून अर्थ बाजूला ठेवून नुसती अक्षरं बघायची, असं तिनंच स्वतःला चार वर्षं शिकवलं होतं. रस्त्यावरच्या परक्या पोरासाठी मान वळवणारी ती, एका आई नसलेल्या मुलीच्या हातात काय देतेय हे तिनं पाहिलंच नव्हतं.

पाकीट शुक्रवारी पोचलं असणार.

ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"ताई," भिंगवाला म्हणाला. "मी तुम्हालाच लावणार होतो. ती बोलली."

"काय बोलली?"

पलीकडे त्यानं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"पाकीट तिनंच उघडलं. पुस्तकाशी लावून बघितलं, कागद बोटांनी चोळून बघितला. पहिल्या पानावरची दोन शून्यं बघितली आणि हसली, ताई. अपघातानंतर पहिल्यांदा. मग वाचत बसली. मी चहा करत होतो. आली आणि म्हणाली..." ते वाक्य त्यानं तसंच सोडलं. "मी तुम्हाला मागे सांगितलं नव्हतं. गाडी कालव्यात गेली होती. लोकांनी उड्या टाकल्या, आधी हिला वर काढलं. हिच्या आईला काढेपर्यंत उशीर झाला. मुलगी म्हणाली, 'म्हणजे आई खाली राहिली म्हणून मी वर आले. छापलंय इथं.'"

गॅलरीच्या कठड्यावर चिमणीचे दोन मोजे वाळत होते. मात्राबाई त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी म्हटलं, अगं, खेळ आहे. ठिणगीला वर आणू, तिच्या जागी मी राहतो खाली. मला वाटलं, तेवढ्यानं... त्यावर ती उठून आत गेली. परवापासून काही खाल्लं नाही तिनं."

"तिला फोन द्या."

"ती घेणार नाही."

"कानाशी धरा. बोलायची गरज नाही म्हणावं. पुस्तक छापणारी बाई आहे, म्हणावं."

पावलं वाजली, दार वाजलं. मग कुणाचा तरी श्वास, जवळ.

काय सांगायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं. तिच्याकडे क्रमांक एक ते नऊ अशी उत्तरं होती, त्यात हे नव्हतं.

"मी त्या पुस्तकाची पानं लावते," ती म्हणाली. "पान ऐंशीवर जी दोन शून्यं आहेत ना, ती माझी चूक आहे. तिथं काही गूढबिढ नाही. माझ्या मुलीला ताप होता, माझं लक्ष नव्हतं, राहून गेली. आणि तुला आली ती पानं मी बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जुळवली, कुणाला न सांगता. त्यावर दोन शून्यं मीच टाकली, तुला खरी वाटावीत म्हणून."

श्वास थांबला, पुन्हा सुरू झाला.

"नकाशात नऊ बोगदे आहेत आणि पुस्तकात अकरा. बघितलंस?"

मग फोनमध्ये अगदी बारीक, कोरडा आवाज आला. "हो."

"ती पण चूकच आहे. नकाशा काढणाऱ्यानं जुना मजकूर वाचला होता."

"पान एकोणतीसवर दिव्याचं तेल सहा तास पुरतं," आवाज म्हणाला. "आणि पान चौसष्टवर चार."

"कुठलं बरोबर ते आम्हाला पण माहीत नाही. कुणी खेळूनच पाहिलं नाही. आमच्याकडे वेळ नव्हता."

"आणि एक वर, एक खाली?"

मात्राबाईनं डोळे मिटले. "ते लेखकानं आधी तसं लिहिलं नव्हतं. आधी लिहिलं होतं की टेबलावरच्या प्रत्येकानं खाली राहिलेल्याची एकेक आठवण सांगायची, की तो वर येतो. आमचे साहेब म्हणाले, हे रडकं आहे, काहीतरी थरारक हवं. लेखक चिडला. रागाच्या भरात तिथंच टेबलाशी बसून त्यानं ती ओळ लिहिली, कागद फेकला आणि निघून गेला. मी समोर होते; तो कागद मी पण नुसती अक्षरं बघून बसवला. पाच मिनिटं लागली त्याला. त्याला खाणीबद्दल काही ठाऊक नव्हतं, कालव्याबद्दल तर नाहीच. कोण वर येतं आणि का, हे त्याला माहीत नव्हतं."

"छापलंय पण."

"छापलंय. आम्ही काहीही छापतो, बाळा."

हे बोलताना ती काय करतेय ते तिला दिसत होतं. या मुलीकडे विश्वास ठेवायला एकच गोष्ट उरली होती आणि ती तिच्या हातून ती काढून घेत होती, एकेक पान करून. थांबता मात्र येत नव्हतं.

"तू आधीचा नियम घे," ती घाईनं म्हणाली. "आठवणींचा. तो चांगला आहे. मी तो छापून पाठवते."

"तो पण माणसानंच लिहिला ना?"

"हो."

"मग खरं कुणाला माहीत असतं?"

आतल्या खोलीत चिमणी जागी झाली होती. आजी तिला थोपटत होती, त्याचा संथ आवाज दारातून येत होता. कुणा तरी पुस्तकातलं, कुणा तरी शहाण्या माणसाचं काहीतरी आठवावं म्हणून मात्राबाईनं धडपड केली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. एवढंच माहीत आहे की ही ओळ खोटी आहे. ती कशी झाली ते मी पाहिलंय."

मात्राबाईनं फोन कानावर एवढा दाबून धरला की कान दुखायला लागला.

"बाबांना सांगा," आवाज म्हणाला. आता तो खाली, लांब गेल्यासारखा होता. "ते म्हणतात, मी राहतो खाली. सारखं म्हणतात. त्यांना सांगा, नाही राहायचं."

"सांगते. दे त्यांना."

भिंगवाला फोनवर आला. तो ऐकतच होता. त्याच्या श्वासावरून कळत होतं. तरी तिनं सांगितलं, जसं सांगितलं तसं, शब्द न बदलता. तुम्ही खाली राहायचं नाही. खेळातसुद्धा नाही.

"नाही राहत," तो म्हणाला. तिला नव्हे, खोलीत कुणाला तरी. "नाही राहत गं."

त्याला उत्तर आलं की नाही, ते तिला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "पुस्तक तिनं मिटून ठेवलंय. ताई, आता संध्याकाळी काय करायचं आम्ही?"

तिनं स्वतःचा नंबर सांगितला, घरचा, आणि त्यानं तो कागदावर लिहून घेतला. एक आकडा चुकीचा ऐकला होता. तिनं पुन्हा सावकाश सांगितला, आणि त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतला.